पोटातला सील

खिडकीवर चांदीचा कागद चिकटवलेला होता, तरी त्याच्या कडेनं ऊन आत शिरलंच होतं. मे महिना सरत आला की ध्रुवाजवळच्या नुवुकताकच्या वस्तीत सूर्य मावळायचं विसरतो; झोपायचं असेल तर अंधार आपला आपणच करून घ्यावा लागतो. त्या उन्हाच्या बारीक पट्टीत लितिया आपल्या मुलीची छाती वरखाली होताना पाहत बसली होती. वर आली. खाली गेली. पुन्हा वर येईपर्यंत लितियाचाच श्वास अडकून राहायचा.

“बघून बघून भोक पाडशील त्या पोरीला,” स्वयंपाकघरातून तिची आई उलायु म्हणाली.

“फार झोपते गं ही, आनाना.”

“बाळं झोपतातच. तू तेवढी झोपायची नाहीस, म्हणून माझे केस असे झाले.”

आनाना म्हणजे आई. त्या घरात हा शब्द दोन दिशांना जायचा. लितिया उलायुला आनाना म्हणे, आणि उलायु सात महिन्यांच्या किलाकला. कारण किलाक हे उलायुच्या वारलेल्या आईचं नाव. इनुइट लोकांत गेलेल्या माणसाचं नाव बाळाला मिळालं की नावाबरोबर माणूसही परत आलं असं धरतात, आणि नातंही जुनंच पुढे चालू राहतं. साठीची उलायु नातीवर वाकून म्हणायची, “आनाना, मागच्या खेपेला सगळे दात गमावून बसलीस. या खेपेला जरा जपून हं.”

ते खरंच होतं. थोरल्या किलाकचे दात दुकानातल्या गोड सरबतांनी खाल्ले होते. शेवटची काही वर्षं मांसाचा घास तिला चावता यायचा नाही, तेव्हा उलायुनंच तिला सांभाळलं.

धाकट्या किलाकनं मात्र बाळसं असं धरलं होतं की बघणाऱ्यानं बघतच राहावं. मांड्यांना वळ्यांवर वळ्या, मनगटाला दोरा बांधल्यासारखी घडी. आरोग्य केंद्रात लितिया दुभाषी म्हणून काम करायची. तिथली नर्स कोलेट किलाकला काट्यावर ठेवून दर वेळी म्हणायची, “या पोरीचा फोटो भिंतीवर लावायला हवा.” लितिया हसायची. घरी आल्यावर मात्र तिच्या मनात एकच कुसळ सलत राहायचं. इतकी खाऊनपिऊन तृप्त असलेली मुलगी झोपेतून उठताना इतकी जड का होते? तिच्या मानेमागे गार घाम का येतो?

पण वजन चांगलं होतं. आणि नुवुकताकमध्ये वजन चांगलं असलं की पुढचं कोणी काही विचारत नसे.

त्याला कारण होतं. हजारो वर्षं इथल्या माणसांनी सील, देवमासा, रेनडिअर आणि मासे खाल्ले. धान्य नाही, भाजी नावापुरती, साखर तर नाहीच. पिढ्यान्‌पिढ्या त्या जेवणाला साजेसं शरीर घडत गेलं. मग विमानं आली, आणि विमानांतून पाव, चिप्स, रंगीत गोड पाणी आलं. समुद्रावरचं बर्फ भरवशाचं राहिलं नाही, शिकारीच्या वाटा बुडू लागल्या, आणि दोन पिढ्यांत ताट पार बदललं. शरीर तेच राहिलं. वजनं वाढली, गुडघे गेले, घराघरात रक्तातली साखर मोजायची यंत्रं आली. लितियाच्या नवऱ्याच्या, जोआमीच्या वडिलांचा आधी एक पाय गेला, मग दुसरा, मग तेही गेले.

आणि मग, तीन वर्षांपूर्वी, ती कॅप्सूल आली.

दक्षिणेतल्या एका कंपनीनं एक सूक्ष्मजंतू घडवला होता. कॅप्सूल गिळली की तो आतड्यात घर करायचा आणि साखर रक्तात पोचण्याआधीच ती खाऊन टाकायचा. त्या साखरेची तो चरबी बनवायचा, आणि साधीसुधी नव्हे, सीलच्या अंगात असते तसली. जुन्या शरीराला जुनी ओळख पटायची. थोडक्यात पोट भरायचं, हात आपोआप ताटावरून उठायचा. चिप्स खा आणि सील पचवा, असा तो प्रकार. त्याचं कागदोपत्री नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सगळे त्याला म्हणायचे पोटातला सील.

“सील मारलास की नाही?” असं आता शिकाऱ्याला विचारत नसत. “सील गिळलास की नाही?” असं विचारत आणि हसत. जोआमीनं गिळला, आणि वर्षाच्या आत त्याची जुनी पँट कमरेवरून घसरू लागली. तो पुन्हा बर्फावर जाऊ लागला. उलायुनं गुडघ्यांसाठी गिळला. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि मुलं यांना मात्र ती कॅप्सूल देत नसत. म्हणून मूल हवं असलेल्या लितियानं तो गिळलाच नव्हता. ती याबाबतीत फार काटेकोर होती. किलाकला तिनं बाटलीबंद खाणंसुद्धा लेबल दोनदा वाचून दिलं.

त्या दुपारी दूध पाजायची वेळ टळून गेली तरी किलाक उठली नाही. लितियानं तिला उचललं. डोकं खांद्यावर आलं ते तसंच कलंडलं. मान ओलीगार होती.

“किलाक? ए किलाक!”

पापणी हलली, उघडली नाही.

लितिया धावली ती गळ आणि तुटक्या चाव्या टाकायच्या खणाकडे. जोआमीला नकोसं झालेलं साखर मोजायचं यंत्र त्यातच पडलं होतं. टाचेला सुई टोचली तरी मुलगी कळवळली नाही, आणि त्याचीच लितियाला जास्त धास्ती वाटली. आकडा लाल आला. इतका खालचा आकडा तिनं केंद्रात कधी पाहिला नव्हता.

साखरेच्या पाकात बोट बुडवून ती गालाच्या आतून चोळत राहिली. उलायु दारात उभी होती, हात लोंबकळत. “आनाना,” ती पुटपुटत होती, “आनाना, असं नको करूस.” थोड्या वेळानं किलाकचे ओठ हलले, चोखल्यासारखे. मग ती रडली. आधी बारीक, मग घर डोक्यावर घेईल अशी.

फोन लावताच केंद्रातून कोलेट पळत आली. तिच्या फोनच्या पडद्यावर दक्षिणेतला डॉक्टर दिसू लागला. तरुण होता, थकलेला होता, चांगला होता.

“तुमच्या लोकांत एक जनुक सर्रास असतं,” तो म्हणाला. “पोट रिकामं राहिलं की आपलं यकृत साठवलेल्या चरबीतून जोडइंधन बनवतं. या जनुकामुळे ते काम मंद चालतं. मोठ्यांना त्यानं सहसा काही होत नाही. बाळांना मात्र दोन दुधांमधला वेळ जड जाऊ शकतो.”

“पण डॉक्टर, ती तर चरबीनं भरलेली आहे.”

“भरलेलं कोठार असून काय उपयोग, चूल पेटत नसेल तर?”

“आणि समजा,” लितियानं विचारलं, “दुधातली साखरसुद्धा कुणी आतल्या आत खाऊन तिची चरबीच करत असेल तर?”

डॉक्टर पडद्याजवळ सरकला. “म्हणजे तो जंतू? तुम्ही घेतलेला नाही ना? मग प्रश्नच नाही. तो असा पसरत नाही. चुंबनं, चमचे, उष्टे पेले, सगळं तपासलंय कंपनीनं. मुलीला इकडे आणू, धुकं निवळलं की विमान येईल.”

धुकं चार दिवस निवळलं नव्हतं.

कोलेट औषधं आणायला केंद्राकडे गेली. लितियानं कपाटातून उलायुच्या पट्ट्यांची डबी काढली. पोटातला सील जिवंत आहे ना, हे बघायला कंपनीनं मोठ्या माणसांना त्या पट्ट्या दिल्या होत्या. शौचाचा थेंब लावायचा. पट्टी निळी झाली की सील आहे. तिनं किलाकच्या लंगोटाला पट्टी लावली आणि ऊन पडलं होतं तिथे धरली.

पट्टी निळी झाली. फिकट नव्हे, बर्फामधल्या उघड्या पाण्यासारखी गडद.

ती तशीच स्वयंपाकघरात आली आणि उंबऱ्यातच थबकली. शेजाऱ्यांनी वाटा म्हणून पाठवलेला सीलच्या मांसाचा तुकडा पुठ्ठ्यावर जमिनीवर होता. उलायु त्याच्यापुढे बसली होती, मांडीवर किलाक. उलायुचा जबडा सावकाश, एकसारखा हलत होता. मग तिनं दोन बोटांनी तोंडातला मऊ गोळा काढला. किलाकनं पाखराच्या पिल्लासारखी चोच उघडली.

“थांब!”

दोघीही दचकल्या. किलाकचं तोंड उघडंच राहिलं.

“किती दिवस देतेयस असं?”

“दात नाहीत तिला,” उलायु म्हणाली, जणू प्रश्नच वेडगळ होता. “तेव्हाही नव्हते. तेव्हा मीच चावून द्यायचे ना? आजारी होती म्हणून आज जरा जास्त चावलं.”

“मी तुला नको म्हटलं होतं!”

“तू बाटल्यांतलं दे म्हणालीस. ते देतेच की. हे वरून.” आणि मग, फार हलक्या आवाजात, “तुला ठाऊक होतं, लितिया. संध्याकाळी तिच्या तोंडाला सीलचा वास यायचा. तू तोंड पुसायचीस आणि काही बोलायची नाहीस.”

लितिया जमिनीवर बसली. तिला सभागृह आठवलं, तीन वर्षांपूर्वीचं. कंपनीची माणसं समोर, म्हाताऱ्या बायका भिंतीलगत, मधे ती, दक्षिणेतल्या कॉलेजातून नुकतीच आलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेली दुभाषी. पाहुण्या बाईनं विचारलं होतं, “इथे मोठी माणसं अन्न चावून मुलांच्या तोंडात घालतात का?” विचारताना बाईच्या ओठाचा कोपरा किंचित वाकडा झाला होता. लितियानं प्रश्न आपल्या भाषेत सांगितला. म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इथे ‘हो’ म्हणायला भुवया उंचावतात आणि ‘नाही’ म्हणायला नाक मुरडतात. लितियानं कुणाचंच उत्तर यायच्या आधी नाक मुरडलं. मग सगळ्यांनी, एकीमागून एक.

“मला वाटलं,” उलायु म्हणाली, “त्यांच्यासमोर नाक मुरडायचं असतं. आमच्या लहानपणी नर्स ओरडायच्या त्यावरून. शिकलेली तूच होतीस. तू मुरडलंस, आम्ही मुरडलं.”

म्हणून त्यांनी चमचे तपासले, चुंबनं तपासली. लाळेतला जंतू चावलेल्या घासात, मांसाच्या चरबीत गुरफटून, ऊब न गमावता एका पोटातून दुसऱ्या पोटात जातो तो रस्ता कुणी तपासलाच नाही. असा रस्ता आहे हे त्यांना सांगितलंच नव्हतं.

आणि तेव्हा लितियाला आलुकी आठवली. दोन घरं पलीकडची आलुकी. तिचा गुबगुबीत मुलगा, सगळ्यांत वजनदार, मार्चमध्ये झोपेतच गेला. असं होतं कधीकधी, असं सगळे म्हणाले होते. लितियाही म्हणाली होती. आलुकीची सासू दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसायची. तिचाही जबडा असाच हलत असायचा.

जोआमी बाहेरून आला तेव्हा लितिया कोटात हात घालत होती.

“कुठे?”

“रेडिओवर.” वस्तीचा रेडिओ दिवसभर घराघरात चालू असायचा. सीलचा वाटा न्यायला या इथपासून हरवलेल्या मोज्यापर्यंत सगळं त्यावर सांगत. तिनं त्याला पट्टी दाखवली आणि तीन वाक्यांत सारं सांगितलं. त्यानं आधी मुलीला छातीशी धरलं.

“कोलेटला सांग,” तो म्हणाला. “कंपनीला कळू दे. गुपचूप. रेडिओवर कशाला?”

“आज झोपलेलं बाळ आज मरेल, जोआमी. कंपनीला कळेपर्यंत थांबेल का ते?”

“आणि त्यांनी हे बंद केलं म्हणजे? सगळ्यांच्या पोटातून सील काढून टाकला म्हणजे?” त्यानं किलाकला आणखी आवळलं. “माझ्या बापाचे पाय कुठे पुरलेत तुला माहीत आहे ना? तिच्यासाठी मी काहीही सोडीन. पण सगळी वस्ती पुन्हा तिकडेच जाईल. मीसुद्धा.”

“माहीत आहे.”

“लोक तुझं तोंड बघणार नाहीत. आनानाचंही.”

लितियानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. उलायु तळहातावरचा गोळा घेऊन तशीच बसली होती. तो कुठे ठेवावा हे तिला समजत नव्हतं. त्या क्षणी लितियाला आपल्या आईची भीती वाटली. तिच्या ओठांची, बोटांची, मायेची. आयुष्यात अशी भीती तिला कधी वाटली नव्हती, आणि तिला स्वतःचीच घृणा आली.

“तिला झोपू देऊ नकोस,” ती जोआमीला म्हणाली. “मी परत येईपर्यंत रडवत ठेव.”

धुक्यात घरं दिसत नव्हती, नुसतं पांढरं ऊन दिसत होतं. रेडिओच्या खोलीत म्हातारा इलाइजा हॉकीच्या सामन्याची वेळ सांगत होता. तिचा चेहरा पाहून त्यानं न विचारता माइक पुढे सरकवला.

“मी लितिया, उलायुची मुलगी,” ती म्हणाली. “ज्यांच्या घरात दात न आलेलं बाळ आहे त्यांनी आत्ता त्याला उठवा. माझं बोलणं संपायची वाट बघू नका. उठत नसेल तर पाक गालाला चोळा आणि कोलेटला बोलवा.” मग तिनं सांगितलं. जंतू, साखर, चूल न पेटणारं कोठार. विमान येईपर्यंत बाळांना थोड्या थोड्या वेळानं उठवून पाजत राहायचं. ज्यानं सील गिळलाय त्यानं बाळाला घास चावून द्यायचा नाही. “त्या सभेत आपल्याला विचारलं होतं,” ती म्हणाली, “आणि मी नाक मुरडलं. मला लाज वाटली. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे बघून उत्तर दिलंत. माझ्या घरात पट्टी निळी झाली आहे.”

रेडिओ घुमत राहिला. टेबलावरचा, फोन आला की लागणारा लाल दिवा विझलेला होता. इलाइजानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

दिवा लागला.

“मी चावून द्यायचे,” एक म्हातारा आवाज म्हणाला. लितियानं तो ओळखला. आलुकीची सासू. “रोज द्यायचे. त्याला आवडायचं.” पुढे नुसता श्वास ऐकू आला, मग फोन बंद झाला.

दिवा पुन्हा लागला. “मीसुद्धा.” पुन्हा लागला. “मी कालच दिलं. उठवलंय त्याला, पण तो रडत नाहीये, रडायला हवं का?” “चोळ गालाला, चोळत राहा, कोलेट निघालीय!” लितिया ओरडली. दिवा विझेना.

दार उघडलं तेव्हा थंडीचा लोट आत आला. आलुकी होती. कोट उलटा घातलेला, बटणं आतल्या बाजूला. तिनं लितियाकडे पाहिलं नाही. इलाइजाला म्हणाली, “उठ, काका. मला बसू दे.”

“आलुकी,” लितिया म्हणाली.

“घरी जा. तुझी मुलगी एकटी आहे.”

“जोआमी आहे, आनाना आहे—”

“जा म्हणते ना!” आणि आलुकीनं माइक ओढून घेतला.

घरी किलाक उलायुच्या मांडीवर होती. जोआमीनं तिचे मोजे काढले होते आणि तो तळव्यावर टिचक्या मारत होता. किलाक चिडून लालेलाल झाली होती. उलायुनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, तरी तिचा रिकामा जबडा आपोआप हलतच होता. किलाकनं तो पाहिला आणि रडणं थांबवून तोंड उघडलं. उलायुनं मान भिंतीकडे फिरवली.

“नाही, आनाना,” ती भिंतीला म्हणाली. “माझ्याकडून नाही.”

लितियानं मुलीला अंगावर पाजायला घेतलं. रेडिओवर आलुकीचा आवाज होता, कोरडा, एका पट्टीतला. ती घरामागून घर घेत होती. प्रत्येक बाळाला ती त्याच्या नावाच्या जुन्या नात्यानं हाक मारत होती.

“माझ्या थोरल्या मामाला उठवलं का?”

फोनवरून भोकाड पसरल्याचा आवाज आला. “हा बघ तुझा मामा.”

“माझ्या मैत्रिणीला, बुडून गेली तिला, उठवलं का?”

बराच वेळ काही नाही. उलायुनं जमिनीवर तळहात टेकला. मग लांबून, चिरका, नाराज असा एक हुंदका.

“जेसीच्या आजोबांना?”

सगळी वस्ती कान देऊन बसली होती. बाहेर धुकं तसंच होतं. विमानाचा मागमूस नव्हता. आता एक फेरी संपली की दुसरी, आणि हा सूर्य काही मावळायचा नाही.

“उलायुच्या आईला उठवलं का?”

उलायुनं फोन उचलला. तिनं रिसीव्हर किलाकजवळ नेला. लितियानं मुलीला पिता पिता बाजूला केलं. किलाक संतापून किंचाळली, आणि रेडिओतून तीच किंकाळी त्यांच्या घरात परत आली.

“ऐकलं,” आलुकी म्हणाली.

वस्तीतलं ते शेवटचं बाळ होतं. आता विचारायला आलुकीच्या स्वतःच्या घराशिवाय कुठलंच घर उरलं नव्हतं. तरी आलुकीनं माइक बंद केला नाही. तिनं पुढचं नाव घेण्यासाठी श्वास घ्यावा तसा श्वास घेतल्याचं घराघरात ऐकू आलं. मग काहीच नाही, नुसती रेडिओची घुमघुम.

लितियानं किलाकच्या मानेमागे हात घातला. मान कोरडी होती. तिनं हात काढला नाही.